तळघरातल्या फ्रीजरमधले बूट

सतरा मेला, नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत शाळेचं निशाण कोण धरणार, हे मुख्याध्यापकांनी एका वाक्यात ठरवलं. "एल्ड्री धरेल, ती सगळ्यांत उंच आहे." एल्ड्री म्हणजे मी. (उंच माणसाला लाजाळू असण्याची परवानगी नसते.) निशाण धरणारी सगळ्यांच्या पुढे चालते आणि दोन्ही बाजूंना अख्खं गाव उभं असतं. मी एवढंच ठरवलं, की लोकांनी वळून बघावं असं काही करायचं नाही. मुख्य म्हणजे लंगडायचं नाही.

भीती उगाच नव्हती. चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या विधीला मला बूनाद शिवला होता, आणि त्या सणाच्या पोशाखाबरोबर चांदीच्या बकलांचे काळे चामडी बूट आले होते. दिसायला देखणे, पायात घातले की लाकडी पेट्या. गेल्या वर्षी माझी मावसबहीण अशाच बुटांत मिरवणूक चालली आणि शेवटी तिला उचलून गाडीत ठेवावं लागलं.

"साधे कॅनव्हासचे बूट घालू का?" मी विचारलं. "घागरा लांब आहे, कुणाला दिसणार?"

गुडवाइग आत्याने कॉफीचा कप खाली ठेवला. कुणाच्या बूनादमध्ये काय चुकलंय हे आत्याला रस्त्यापलीकडून दिसतं, आणि ती ते रस्त्यापलीकडूनच सांगते.

"घाल ना," ती म्हणाली. "फक्त मी तुझी आत्या आहे हे कुणाला सांगू नकोस."

तेव्हा बूटच सैल करायचे ठरले. रोज संध्याकाळी मी लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड चढवून ते बूट घरात घालू लागले. त्यांतच जेवले, त्यांतच गणितं सोडवली. जिना चढताना असा आवाज व्हायचा, की बाबा दोनदा वॉशिंग मशीन बघून आले. हळूहळू चामडं नरम पडलं. मला स्वतःच्या चिकाटीचा अभिमानच वाटू लागला.

सतरा मेच्या सकाळी पातळ मोजे घालून मी बुटांत पाय सरकवले आणि दोन पावलं टाकली. बूट जरा मागाहून आले.

"आई," मी जेवणाच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, "माझे पाय लहान झालेत."

"काहीतरीच. मी तर नुसती चरबी चोळली होती," आई म्हणाली. "तू शाळेत गेलीस की. आणि मुरावी म्हणून वरून हेअर ड्रायर."

बाबा अचानक फार मन लावून अंडं सोलायला लागले.

"ओडवार," आई म्हणाली.

"बुटात पाण्याची पिशवी घालायची आणि फ्रीजरमध्ये ठेवायचं," बाबा अंड्याला म्हणाले. "बर्फ फुगतो, चामडं ताणतं. शास्त्र आहे ते."

"कुठल्या फ्रीजरमध्ये?"

"तळघरातल्या. हरणाच्या मांसाशेजारी. पण पिशवीत होते ते."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

"पोरीला बूट हवे होते," नाश्त्याला आलेली आत्या म्हणाली, "तुम्ही होड्या करून ठेवल्यात." मग तिने बराच वेळ सॅमन माशाचा तुकडा पावावर नीट बसवला. "शनिवारी ती पोहायला गेली तेव्हा मी फक्त बुटांत लाकडी साचे घातले होते. आमच्या ह्यांचे."

काका गावातल्या फुटबॉल संघाचे गोलरक्षक होते. त्यांच्या पायांबद्दल गावात अजून बोललं जातं.

बुटांच्या टोकांत मेंढीची लोकर कोंबली आणि आम्ही निघालो. सपाट रस्त्यावर सगळं ठीक चाललं. मग चर्चकडचा चढ लागला, आणि डावा बूट जिथे होता तिथेच राहिला.

दोन्ही हातांत निशाणाचा दांडा, मागे बँड, त्याच्यामागे अख्खी शाळा. थांबले असते तर ट्रॉम्बोन माझ्या पाठीत घुसला असता. मी चालत राहिले. मागे आधी एक ट्रम्पेट बेसूर झालं, मग क्लॅरिनेट फिसकन हसलं, आणि शेवटी एकटा ढोल तेवढा प्रामाणिकपणे वाजत राहिला. रस्त्याकडेची मुलं हातातले छोटे झेंडे माझ्या पायाकडे दाखवू लागली.

आणि पुढे फूटपाथवर आत्या उभी होती. तिने माझा चेहरा पाहिला, मग मोजा पाहिला. मी मनातल्या मनात आम्ही नातेवाईक नाही असं ठरवून टाकलं, तिची सोय म्हणून.

आत्या थेट मिरवणुकीत शिरली. बँडमधून वाट काढत तिने बूट उचलला आणि तो छातीशी धरून माझ्या बाजूने चालू लागली.

"पाठ सरळ," ती म्हणाली. "निशाण वर."

"सगळे बघतायत, आत्या."

"बघू देत." मग रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "ही माझी भाची आहे. बूटसुद्धा आमचाच आहे."

अशा रीतीने मी शाळेपर्यंत पोचले, जराही न लंगडता. तिथे आइस्क्रीमच्या रांगेत आईने माझे दोन्ही पाय तपासले. एकही फोड नव्हता. फोड होते तळहातांवर, दांड्याचे, दोन्हीकडे टपोरे.

बाबांनी ते निरखून पाहिले. "पुढच्या वर्षी," ते विचार करत म्हणाले, "तो दांडाच आधी फ्रीजरमध्ये ठेवून बघू."

आई आणि आत्या दोघी त्यांच्यावर तुटून पडल्या.  (तिरका ठेवला तर मावेल का, याचा मी हिशेब करत होते.)