येसोबा तांबटाचे खटल्याची हकीकत

श्री. जो सर्व ऐकतो आणि कोणास तारीख देत नाही, त्यास नमन करून लेखनास आरंभ केला. शके सतराशे, विलंबीनाम संवत्सर, मार्गशीर्षमासी एके राज्यात जे वर्तमान जाहले ते यथास्थित ऐसे. राज्य थोर, राजे धर्मशील, न्यायाधीश नरसिंहशास्त्री विद्वान, आणि बंदीखाना दगडी, भक्कम. त्या नगरात येसोबा तांबट म्हणोन नामी कारागीर होते. त्यांचे दुकानी सरकारी मुदपाकखान्याचे आचारी धोंडभट यांनी तांब्याचा एक थोरला हंडा बुडास गळतो म्हणोन दुरुस्तीस आणून दिला, आणि दुसरे दिवशी धोंडभट राजांचे स्वारीबरोबर मुलखात निघोन गेले, आणि तिसरे दिवशी मुदपाकखान्यात भांडी मोजली तो एक हंडा कमी. मग कोतवालांनी झडती घेतली, हंडा येसोबांचे दुकानी निघाला, वर सरकारी छाप. येसोबा म्हणाले, "आचाऱ्यांस विचारावे." कोतवाल म्हणाले, "विचारू, त्यांस येऊ तर द्या," आणि येसोबांस बंदीखान्यात घातले. सरकारी भांडे चोरल्यास त्या राज्यात तीन वर्षे कैद.

आता त्या राज्याची एक वहिवाट होती, आणि ती वाईट हेतूने घातलेली नव्हती. पाठीमागे कोणी कोणावर खोटे बोलू नये म्हणोन थोरल्या महाराजांनी ठराव केला होता की, साक्षीदाराने कैद्याचे रूबरू उभे राहून बोलावे. कैदी समोर नसेल तर साक्ष लिहू नये. ठराव उत्तम होता. परंतु स्वारी मुलखात असे तेव्हा धोंडभट तिजबरोबर चुली मांडीत हिंडत, आणि स्वारी नगरात आली म्हणजे बंदीखान्याचे शिपाई वाड्याचे बंदोबस्तास जात, मग कैद्यास कचेरीत कोण आणणार? ऐसे होता होता येसोबा कचेरीत येत तेव्हा आचारी नसत, आणि आचारी येत तेव्हा येसोबा नसत, आणि शास्त्रीबोवा पुढील तारीख देत. विकारी संवत्सर गेले, शार्वरी गेले, प्लव गेले, तीन वर्षे भरली, आणि कैद भरली म्हणोन सोडावे तर शिक्षा सांगितलीच नव्हती, सबब ती भरली ऐसे म्हणता येईना.

येसोबांची कन्या गोदूबाई, दोन कोसांवर दिलेली, ती प्रत्येक तारखेस चालत येत असे. कचेरीचे कारकून तीस पाहून म्हणत, "बाई, तुमचे वडील आणि तो आचारी म्हणजे जावाजावा हो. एक माजघरात आली की दुसरी परसात." गोदूबाई म्हणे, "मग तुम्ही सासूबाई व्हा आणि दोघींस एके ठायी बसवा." कारकून हसत आणि तारीख सांगत. गावी पाणवठ्यावर बाया विचारीत, "गोदूबाई, घागरीवर छाप कोणाचा ग?" तेव्हा ती घागर उचलून घरी येई. बाप सुटावा हे तिचे मनी होतेच, परंतु त्याहून अधिक हे होते की, चोर हा शब्द कचेरीने आपले मुखे पुसावा.

चौथे वर्षी येसोबा जमादारास म्हणाले, "शिपाई नसतील तर मी आपला एकटा चालत जातो. कचेरी ठाऊक आहे. साक्ष ऐकतो आणि परत येतो." जमादार भला माणूस, तो म्हणाला, "तांबटबोवा, तुम्ही याल हो परत. पण एकटा कैदी रस्त्यात दिसला तर धरावा ऐसा हुकूम आहे, आणि धरावयास शिपाई नाहीत." तेव्हा दोघेही हसले. मग येसोबांस खोकला लागला, आणि तो दोन पावसाळे राहिला. गोदूबाई भेटीस आली तेव्हा ते म्हणाले, "पोरी, आता तारखेस येत जाऊ नको. पाय सुजलेत तुझे." ती म्हणाली, "आबा, तुम्ही खटल्याचे बोला." ते म्हणाले, "खटल्याचे काय बोलायचे? तू जेवलीस का?"

क्रोधीनाम संवत्सर, शके सतराशे सहा, कार्तिकमासी येसोबा बंदीखान्यात निवर्तले. सहा वर्षांस काही दिवस कमी. गोदूबाईने अग्नी देवविला, दिल्या लेकीचे तीन दिवसांचे सुतक धरिले, आणि चौथे दिवशी तारीख होती, ती स्नान करून कचेरीत गेली. तीस ठाऊक होते की, मयताचा निवाडा होत नाही, खटला मिटतो. बंदीखान्याचे पत्र कचेरीस पोहोचावयास महिना लागतो, हेही ठाऊक होते. सबब ती कोणास काही न सांगता उभी राहिली. स्वारी नगरात होती, आणि धोंडभट काठी टेकीत आले होते, आणि पुकारा जाहला, "येसोबा तांबट हाजीर?" तीन वेळ. बंदीखान्याकडील हवालदाराने नित्याप्रमाणे सांगितले, "शिपाई बंदोबस्तास गेले, कैदी आणिता आला नाही." शास्त्रीबोवांनी तारखेस पंचांग उघडिले. तेव्हा गोदूबाई पुढे होऊन म्हणाली, "महाराज, आज साक्ष घ्यावी. कैद्याची हरकत नाही." शास्त्रीबोवा म्हणाले, "ते कैद्याने सांगावे. त्याचेच रक्षणास हा ठराव आहे, बाई." इतक्यात धोंडभट कोणी न विचारिता उठले आणि म्हणाले, "शास्त्रीबोवा, मी आता फार दिवसांचा नाही. हंडा मीच दुरुस्तीस दिला होता. तांबटाने चोरी केली नाही." कचेरीत सर्वांनी ऐकिले. कारकुनाने लेखणी उचलिली, आणि शास्त्रीबोवांनी हात वर केला, आणि कारकुनाने लेखणी ठेविली. शास्त्रीबोवा म्हणाले, "रूबरू नाही. पुढील तारखेस, कैदी आल्यावर हेच बोलावे."

गोदूबाई म्हणाली, "ते येणार नाहीत. चार दिवस जाहले." मग शास्त्रीबोवांनी पंचांग मिटले, आणि हवालदाराने खाली पाहिले, आणि कारकुनाने दप्तरी लिहिले: आरोपी मयत, सबब खटला बंद, निवाडा नाही.

येणेप्रमाणे येसोबा तांबट त्या राज्यात दोषी ठरले नाहीत आणि निर्दोषही ठरले नाहीत, आणि तीन वर्षांचे कैदेऐवजी सहा वर्षे भोगून गेले. वहिवाट अद्याप चालू आहे. धोंडभट आचारी यांचे बोलणे कचेरीत लिहिले गेले नाही, सबब येथे लिहिले असे: हंडा मीच दुरुस्तीस दिला होता. तांबटाने चोरी केली नाही.