हत्तरकींकडे वाढलेली परंपरा

जूनमध्ये शाळेच्या नाट्यविभागाची परंपरा आली आणि ती वाढवायला सुजया हत्तरकीच्या घरी द्यायचं ठरलं.

त्यात वावगं काही नव्हतं. ज्या शाळेच्या नाट्यविभागाला स्वतःची परंपरा नाही, तो विभाग वर्षअखेरीस बंद करायचा असा नियमच होता. गडहिंग्लजच्या या शाळेतला विभाग अगदीच नवा. तेव्हा नाटक बसवणाऱ्या बारदेस्कर सरांनी रीतसर अर्ज करून एक लहान परंपरा मागवली. ती एसटीने पार्सल आली. गुडघ्याएवढी होती, कोऱ्या पडद्याच्या कापडासारखी तांबडी, आणि हाताला किंचित ओलसर लागायची. तिला तोंड कुठे आहे हे सांगता येत नसे, पण ती आपल्याकडे बघतेय एवढं कळायचं.

"शाळेत ती वाढत नाही," सरांनी पालकसभेत सांगितलं. "इथं सुट्ट्या फार. तिला रोज तीच गोष्ट, त्याच वेळेला लागते. असलं फक्त घरात होतं. कोण नेईल?"

सगळ्या आयांना एकदम आपापल्या मोबाइलमध्ये महत्त्वाचं काहीतरी सापडलं. सुजयाने मान वर ठेवली, कारण कुणीच बघितलं नाही तर सरांना वाईट वाटेल असं तिला वाटलं. ती एम.एस्सी. होती, मुलं कशी वाढवावीत यावरची पुस्तकं खुणा करून वाचणारी होती, आणि तरीही आपण आई म्हणून कुठेतरी कमी पडतोय याची तिला कायम खात्री असे.

"नेते की मी," ती म्हणाली.

"नशीबवान हं तुम्ही," शेजारची बाई कुजबुजली. "आमच्यात जागाच नाही बघा."

खरं कारण कस्तुरी होती. सुजयाची ही तिसरीतली मुलगी मुळात बोलायचीच नाही. कान तपासून झाले, कोल्हापूरचे डॉक्टर झाले, "बापाचं वळण" हे सासूबाईंचं निदानही झालं. मग गेल्या वर्षी बारदेस्कर सरांनी तिला नाटकात झाडाचं काम दिलं, आणि झाडाला एक वाक्य. ते वाक्य काय तोंडातून बाहेर पडलं, मागोमाग बाकीची सगळी बाहेर पडली. आता ती जेवायला बसली की शाळेतला अख्खा दिवस सांगायची. यंदा तिला सूत्रधाराचं काम होतं. विभाग बंद पडला तर पोरीचं काय होईल, हा विचार सुजया अर्ध्यावरच सोडून द्यायची.

"पहिली संध्याकाळ तेवढी जपा, ताई," सरांनी बजावलं होतं. "पहिल्या संध्याकाळी जे घडेल तेच तिला लागतं. नारळ वाढवा, नमन म्हणा. चांगलं काहीतरी."

सुजयाने नारळ आणून ओट्यावर ठेवला. पण त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही, गॅस संपला, आणि नवरा महांतेश साखर कारखान्यात दुसऱ्या पाळीला. परंपरा चपलांच्या स्टँडशेजारी बसून होती. ताटावर बसलेली कस्तुरी सांगत होती की वर्गातल्या एकाचा दात पडला, तो डब्यात पडला, आणि डबा दुसऱ्याचाच होता. सुजयाचं डोकं ठणकत होतं.

"जरा गप्प बस की, बाई!" ती म्हणाली.

कस्तुरी गप्प बसली. चपलांच्या स्टँडशेजारी कुणीतरी समाधानाने आवंढा गिळल्यासारखा आवाज झाला.

दुसऱ्या संध्याकाळी सुजयाने नारळ वाढवला, दिवा लावला, पाठ असलेली सगळी नमनं म्हटली. परंपरेने तिकडे बघितलंही नाही. सकाळी ती घोट्याएवढी झाली होती. सुजयाने घाबरून सरांना फोन लावला.

"परवा नेमकं काय घडलं?" सरांनी विचारलं. तिने सांगितलं. "मग तेच द्यायला लागणार, ताई."

"बदलून नाही का मिळणार?"

"परंपरा आहे ओ. बदलून कशी मिळणार?"

तेव्हापासून रोज जेवताना, कस्तुरी ऐन रंगात आली की, सुजया तिला गप्प बस म्हणू लागली. सुरुवातीला दोघींना हसू यायचं. "आई, ती वाट बघतेय, बोल ना लवकर," असं कस्तुरीच म्हणायची. महांतेशने एकदा हौसेने बायकोऐवजी म्हणून बघितलं. परंपरेचं वजन लगेच उतरलं आणि त्याने पुन्हा नाव काढलं नाही. "तुला जमतंय ते," तो म्हणाला.

सुजयाला ते फारच छान जमू लागलं होतं. गणपतीपर्यंत कस्तुरी गोष्ट आधीच आटोपती घेऊ लागली. दिवाळीनंतर ती गप्पच ताटावर येऊन बसायची.

"आज काय झालं शाळेत?"

"काही नाही."

सुजयाने पुन्हा फोन लावला. "सर, पोरगी बोलतच नाही हो. गप्पच बसलेली असते. आता गप्प बस म्हणू कुणाला?"

"तरी म्हणा. वजन कसं आहे?"

"दोन हातांनी उचलत नाही."

"झ्याक!" सर म्हणाले. "अर्थ निघून गेला की ती बाळसं धरते."

मग सुजया गप्प बसलेल्या मुलीला रोज गप्प बस म्हणू लागली. मुलांशी कसं बोलावं यावरचं पुस्तक तिने कपाटात मागे सारलं. त्यात हे कुठल्याच प्रकरणात बसत नव्हतं. परंपरा आता तिच्या छातीला लागत होती. कडा झिजल्या होत्या, डांबराच्या गोळ्यांचा वास यायला लागला होता, आणि नवखा माणूस ती शंभर वर्षांची आहे असं सहज म्हणाला असता.

शेवटच्या तालमीत कस्तुरी निवेदनाच्या मधेच थांबली आणि कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून वाट बघत राहिली.

सरांनी सुजयाला विंगेत घेतलं. "उद्या स्नेहसंमेलनात तपासणी. तिसऱ्या घंटेआधी, सगळ्यांसमोर, तुम्ही ते म्हणायचं. काट्यावर वजन वाढलं की विभाग वाचला."

"आणि त्यानंतर ती बोललीच नाही तर?"

सर आपल्या चपलांकडे बघत म्हणाले, "विभाग राहिला तर पुढच्या वर्षी बोलेल की, ताई."

स्नेहसंमेलनाला परंपरेला टेम्पोतून आणून स्टेजच्या कडेला वजनकाट्यावर बसवलं. तपासणीला विस्तार अधिकारी नाईकवाडी मॅडम आल्या होत्या. पाहुण्या त्याच, त्यामुळे आधी त्यांचं भाषण. "परंपरा म्हणजे काय?" असं विचारून त्यांनी सुरुवात केली आणि उत्तर द्यायला घेतलं. उत्तर शाळेपासून निघालं, तालुका ओलांडून जिल्ह्यात शिरलं, आणि त्यांनी पाण्याचा घोट घेतला तेव्हा नुकतंच राज्यात पोचलं होतं. मागे रंग लावलेली मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. सगळ्यात पुढे फेटा बांधलेली कस्तुरी उभी होती. तिचं भाषणाकडे लक्ष नव्हतं. ओठ घट्ट मिटून ती विंगेतल्या आईच्या तोंडाकडे बघत होती. लगेच गप्प बसता यावं म्हणून ती आधीच गप्प होती.

सर घंटेपाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सुजयाला खूण केली. सुजया स्टेजवर आली. तिने कस्तुरीकडे बघितलं. तोंड उघडलं. जूनपासूनचा सगळा थकवा तिच्या पायांतून वर चढत आला. मॅडम आता देशाकडे वळत होत्या.

"जरा गप्प बस की, बाई!" सुजया विस्तार अधिकाऱ्यांना म्हणाली.

माइक चालू होता. मागच्या रांगेपर्यंत गेलं. सरांनी कपाळाला हात लावला.

वजनकाटा करकरला. काटा पुढे सरकला आणि तिथेच थांबला.

नाईकवाडी मॅडमनी चष्मा लावला, काट्यापाशी गेल्या आणि वाकून बघितलं. "शब्द तेच आहेत?"

"तेच," सर म्हणाले.

"आवाज?"

"तोच, मॅडम."

"कुणाला म्हणायचं, हे ठरलेलं आहे?"

सरांनी विचार केला. "त्या संध्याकाळी जी बोलत होती तिला."

"मग बरोबर आहे. इथं मीच बोलत होते." मॅडमनी शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला: तिसऱ्या घंटेआधी पाहुण्यांना गप्प करणे. "दरवर्षी पाहुणे मिळतील ना?"

"भरपूर."

"आणि म्हणायला ह्या बाई?"

"त्या आहेतच," सर म्हणाले.

सुजयाने मान हलवली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिसरी घंटा झाली. कस्तुरी आईकडे बघत राहिली. सुजया विंगेत जाऊन पडद्याच्या दोरीला धरून उभी राहिली आणि काही बोलली नाही. सभागृहात कुणीतरी खोकलं. मग कस्तुरीने निवेदन सुरू केलं. शेवटपर्यंत म्हटलं, आणि शेवट झाल्यावर संहितेत नसलेलं आणखी बरंच म्हटलं. सरांनी तेवढा वेळ मागचा पडदा उघडला नाही.

परंपरा शाळेतच राहिली. तिला खेळाच्या सामानाच्या खोलीत जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी महांतेश पाळीवर होता. मायलेकी जेवायला बसल्या. कस्तुरीने भात कालवला, एकदा चपलांच्या स्टँडशेजारच्या रिकाम्या जागेकडे, एकदा आईकडे बघितलं, आणि बिचकत बिचकत सांगायला लागली. फेट्याखाली कशी खाज सुटली होती, आणि नाईकवाडी मॅडमनी नंतर तिला हळूच काय विचारलं. सांगता सांगता तिला रंग चढला. मॅडमची नक्कल करायला ती पाटावरून उठली, आणि तेव्हा तिला दिसलं की हातात घास तसाच धरून आई भिंतीला टेकून झोपली आहे.

कस्तुरी पुन्हा खाली बसली. तिने आवाज जरासा खाली आणला आणि पुढचं सांगायला घेतलं.