एकतीस विहिरी आणि सोळाची रांग

काळ्या पडद्यावर डाव्या हातास, वरून तिसऱ्या ओळीत, एकामागे एक ऐसे सोळा ठिपके उमटत. दोन ठिपक्यांमधील वेळ अर्धा सेकंद. आणि सतरावा ठिपका उमटत नसे. घड्याळ लावून चाळीस मिनिटे वाट पाहिली, यंत्र विझवून पुन्हा पेटविले, एका सोमवारी उदबत्तीही लावून पाहिली. सोळा ते सोळाच.

शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजित नाम संवत्सर, पौषापासून फाल्गुनापर्यंत, मुक्काम समुद्रपूर, येथील विज्ञान महाविद्यालयाचे भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत या सतराव्या ठिपक्याकारणे जी मोहीम जाहली, तीत कोण लढले, कोण हटले, कोणता खलिता भलत्या दरबारी गेला आणि फत्ते कैसी जाहली, हे पदरचे काही न घालता येथे लिहिले आहे. वाचणारांनी शक्य तोवर गंभीर मुखाने वाचावे.

मोहिमेचे मूळ नत्थूजी. प्रयोगशाळा परिचर, सायकलस्वार, दोरबहाद्दर. तालुक्यातील एकतीस विहिरींचे पाणी किती खोल, हे मोजण्याची कामगिरी सन एक्याण्णवच्या एप्रिलपासून त्यांजकडे, आणि रिवाज ऐसा की जी तारीख तोच विहिरीचा क्रमांक. एक तारखेस पहिली, दोनला दुसरी. म्हणोन एकतिसावी विहीर वर्षात सातच वेळा मोजली जाई आणि फेब्रुवारीत शेवटच्या दोन-तीन विहिरींस रजा मिळे. सायकलीच्या कॅरिअरवर साठ हात दोर, टोकास पितळी वजन. मोजून यावे आणि आकडा जुन्या संगणकात घालावा. मग यंत्र आपण होऊन त्यापुढे लिही, मोजणार नत्थूजी. सतरा वर्षांत खाडे अकरा: पाच हिवतापाचे, चार लेकीच्या लग्नाचे, दोन पंक्चरचे. महाविद्यालयाचे साऱ्या दप्तरांत, हजेरीपट वगळता, त्यांचे नाव लिहिले जाण्याचे हे एकच ठिकाण. वह्याही होत्या, त्या वाळवीने फस्त केल्या. निवृत्ती एकतीस मार्च मुक्रर. त्याआधी साऱ्या नोंदी कागदावर उतरून डोळ्यांनी पाहाव्या, इतकीच त्यांची अर्जदास्त.

ऐसियात संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी जुना संगणक वारला.

तेव्हां अधिव्याख्याता राजश्री शरयूबाई, ज्यांचा आवाज लहान आणि हस्ताक्षर त्याहून लहान, यांनी मृताची डिस्क जशीच्या तशी उतरवून विभागाचे मोठ्या संगणकात घातली आणि तेथे जुन्या यंत्राचे सोंग उभे केले. सोंग ऐसे बेमालूम की आपण वारलो हे जुन्या प्रोग्रामास कळू नये. या सोंगात डिस्कच्या दारी एक नकली कंट्रोलर तैनात होता. खरा कंट्रोलर म्हणजे तांब्याच्या रेघांची हिरवी पाटी. हा निव्वळ अक्षरांचा. परंतु काम तेच, की डिस्ककडे येणारे अर्ज रांगेत उभे करावे आणि एकेक आत सोडावा. रांगेत जागा सोळा. विहिरींचा प्रोग्राम तर उघडताच एकतीस विहिरींचे एकतीस अर्ज धाडी आणि सारे उभे राहिल्यावाचून एकही आत जाऊ न देण्याचा त्याचा बाणा. मग सोळा ठिपके उमटत आणि प्रोग्राम रुसून बसे.

सोळाचे जागी मोठा आकडा लिहावा, तर तो आकडा लिहिणारे खासा विभागप्रमुख केशवराव. अखंड-इस्त्रीमंडित, दोन कपाटांच्या किल्ल्यांचे धनी, बावीस वर्षे महाविद्यालयाचे आवारात प्रमाण मराठीवाचून अक्षर न बोललेले. सोंगाचा हा समग्र प्रोग्राम त्यांनीच सन दोन हजार एकच्या उन्हाळी सुटीत, कूलरपुढे बसून, एकहाती रचला होता. आणि त्यांच्या हुकुमावाचून त्यात स्वल्पविराम हलवू नये ऐसी ताकीद होती.

शरयूबाई हुजूर दाखल जाहल्या आणि मागणे मांडिले.

"सोळा म्हणजे सोळा आणे, शरयूबाई," केशवराव वदले. "तो पूर्ण आकडा आहे. विचार करून घातलेला आहे."

पंखा पुसत स्टुलावर उभे असलेले नत्थूजी वरून म्हणाले, "सर, आता आणे कुठी चालते?"

"नत्थूजी, तुम्ही पंखा पुसा."

"पुसूनच राह्यलो नं, सर."

मग केशवरावांनी फर्माविले, "पाहू." हे फर्मान पौषात नऊ वेळा आणि माघात चौदा वेळा सुटले. नत्थूजी रोज सायकलीवर कूच करीत, विहीर मोजीत, आकडा चिठ्ठीवर लिहीत आणि चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवीत. खिसा फुगत चालला. शरयूबाईही रोज जात, रोज तेच वाक्य त्याच आवाजात बोलत, आणि अखेर माघाचे शेवटी या शांत वेढ्यास त्रासून केशवरावांनी नवी मसलत केली. मराठी भाषा पंधरवडा चालू होता. हुकूम ऐसा सुटला की मागणी लेखी यावी, कचेरीमार्फत यावी, आणि तीत एकही इंग्रजी शब्द नसावा.

शरयूबाईंनी कोश उघडून लिहिले, अनुकारी संचयन नियंत्रकाच्या प्रतीक्षारांगेची कमाल मर्यादा सोळावरून बत्तीस करणेबाबत. खलिता कचेरीत बडेबाबू हरिदासजींकडे गेला. हरिदासजी दयाळू पुरुष. वाचणारास कळावे हा त्यांचा धर्म. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचले, मग ते अनुकारी कापून 'नकली' केले, संचयन कापून 'साठा' केले, नियंत्रक आणि प्रतीक्षारांग वायफळ म्हणोन गाळले, आणि स्वच्छ टंकलिखित पत्र सिद्ध जाहले:

विषय: नकली साठ्याची कमाल मर्यादा सोळावरून बत्तीस करणेबाबत.

आणि साठ्याचा मामला आहे तर त्या खात्यास कळलेले बरे, ऐसे मनी आणून एक प्रत माहितीस्तव तालुक्याचे एका कचेरीस रवाना केली. त्या कचेरीचे नाव लिहिण्यास ही लेखणी धजत नाही.

चौथे दिवशी, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी, प्रयोगशाळेवर जीप चालून आली. जीपमध्ये एक निरीक्षकसाहेब, दोन पंच आणि एक वजनकाटा.

"साठा कुठी आहे?" साहेबांनी दारातच पुसले.

"यात," शरयूबाईंनी पडद्याकडे बोट दाखविले.

"किती?"

"सोळा."

"पोते?"

"अर्ज."

साहेबांनी पंचांकडे पाहिले, पंचांनी काट्याकडे पाहिले. "म्याडम, नकली आहे हे कबूल करता?"

"नकलीच आहे," शरयूबाई म्हणाल्या, कारण असत्य बोलणे त्यांस जमत नसे. "उत्तम नकली आहे. आमच्या सरांनी स्वतः बनवला."

त्या क्षणी केशवराव दारातून आत येत होते. ते एक पाऊल मागे सरले. इतिहासात यास माघार म्हणत नाहीत.

मग नत्थूजी स्टूल घेऊन पुढे जाहले. "बसा, साहेब. इथं दाना नाई, पानी हाये. एकतीस विहिरीचं पानी हाये याच्यात. सोळा दिसते, बाकी अडकली. गाव कोनतं तुमचं?"

"जाम."

"जामची म्हंजे सव्विसावी. फाट्याच्या मांगची, लिंबाच्या झाडाखालची?"

"ते तं आमचीच विहीर हो!"

"मंग तुमच्या मायले इचारजा. दर सव्वीस तारखेले तुमच्या घरी चहा पेतो म्या. सतरा वर्सं झाले."

साहेब स्टुलावर बसले. त्यांचा स्वर पालटला. "थे दाखवा बरं. आमच्या लग्नाच्या साली किती पानी होतं?"

"तेच तं नाई दाखवता येत, साहेब. सव्विसावी हाये नं. सोळाच्या पलीकडं."

साहेबांनी पडदा पाहिला. ठिपके मोजले. सोळा. मग त्यांनी पंचनामा काढिला आणि स्वहस्ते लिहिले की नकली साठा सोळापर्यंत प्रत्यक्ष पाहिला. पुढील पंधरा असल्याचे सांगण्यात येते, परंतु दाखविण्यात आले नाहीत. ते एकतीस मार्चपर्यंत दाखवावेत, कसूर न व्हावी. पंचांच्या सह्या जाहल्या. वजनकाटा न वापरता परत गेला.

ऐसे रीतीने, जे फर्मान शरयूबाईंस पावणेदोन महिने मिळेना, ते चुकीचे खात्याने, चुकीचे कारणास्तव, योग्य माणसाचे हाती दिले.

सरकारी कागद पाहून केशवराव नरमले. किल्ली निघाली, मूळ प्रोग्रामाचे कपाट उघडले, आकडा सोळाचा बत्तीस जाहला. प्रोग्राम चालविला. सतरावा ठिपका उमटला. अठरावा, एकोणिसावा, नत्थूजी प्रत्येक ठिपक्यास गावाचे नाव घेत होते, एकतिसावा उमटला आणि पडद्यावर विहिरींची यादी उभी राहिली. प्रिंटरास कागद लावीतच होते, तोच रसायनशास्त्राचे हेमराज, हाती ओला ब्युरेट, धावत आले.

"काऊन हो, कोनं हात लावला? आमचं यंत्र आडवं झालं! तिकडं पोट्ट्यायची प्रॅक्टिकल चालू हाये!"

रसायनशास्त्राचे जुने यंत्रही त्याच संगणकात, त्याच सोंगात राहत होते. ते उठताच कंट्रोलरास विचारी, रांग किती. त्याच्या पोटात जागा सोळाचीच. बत्तीस ऐकताच ते धास्तीने मूर्च्छित पडले. आकडा तत्काळ सोळा करावा लागला. रसायनशास्त्र उठून बसले, विहिरी बुजल्या. छापलेले पान एकही नाही.

"पाहिलंत?" केशवराव म्हणाले. "सोळाच बरोबर होते."

"मग सोंगाच्या दोन प्रती ठेवू, सर," शरयूबाई म्हणाल्या. "एकीत सोळा, एकीत बत्तीस."

"दोन प्रती म्हणजे दोन राज्ये. मी असेतो होणार नाही."

मग शरयूबाई घरी गेल्या आणि शनिवार-रविवारी अकरा ओळी लिहून सोमवारी घेऊन आल्या. मजकूर इतकाच की आकडा आत कोरून ठेवू नये. यंत्र उठतेवेळी चालविणारास पुसावे, रांग केवढी हवी. विहिरींनी बत्तीस सांगावे, रसायनाने सोळा. शून्य किंवा अवाच्यासवा सांगितल्यास यंत्राने नकार द्यावा.

"आणि सर, तुमचा सोळा कुठे जात नाही. कोणी काहीच न सांगितल्यास सोळा."

केशवरावांनी अकरा ओळी वाचल्या. चूक सापडेना, तेव्हां पुन्हा वाचल्या. मग म्हणाले, "पाहू." मोहिमेतले हे चोविसावे.

होळी गेली. एकतीस मार्च उजाडला. सोमवार. नत्थूजी पहाटे निघोन एकतिसावी विहीर मोजून आले, चिठ्ठी लिहिली आणि खिशात घातली. यंत्रात नोंदी सहा हजार एकशे चोवीस, खिशात चिठ्ठ्या पंच्याहत्तर, आणि कागदावर शून्य. शरयूबाई सकाळपासून संगणकापुढे बसून होत्या, अकरा ओळी तयार ठेवून, बोट कळीवर.

दुपारी तीन वाजता प्रयोगशाळेतच निरोपाचा दरबार भरला. शाल, श्रीफळ, चिवडा, पेढे, चहा. निरीक्षकसाहेबही आपली पंधरा विहिरींची बाकी घ्यावयास जातीने हजर. हरिदासजींनी प्रास्ताविक केले, हेमराज बोलले की नत्थूजींसारखा माणूस नाई, केशवराव अध्यक्षस्थानी. मग नत्थूजींस दोन शब्द बोलण्याची आज्ञा जाहली. ते उभे राहिले. खांद्यावर शाल आणि शालीवर दोर, कारण दोर ठेवावयाचे विसरले होते.

"मले बोलता नाई येत," ते म्हणाले. "म्या एकतीस विहिरी एकाच दोरानं मापल्या. पर जेवढी विहीर, तेवढा दोर सोडला. कुठी बारा हात, कुठी चाळीस. हर विहिरीले पुसून सोडला. सोळा हातावर गाठ मारून बसलो असतो, तं निम्म्या विहिरीत वजन पान्याले लागलंच नसतं. अन् म्या लिवलं असतं, पानी नाई." मग दोर चाचपून म्हणाले, "पर दोर तं सरांनीच घेऊन देल्ला होता. थे चांगलाच हाये." आणि खाली बसले.

केशवरावांनी दोराकडे पाहिले. मग पडद्याकडे, जेथे सोळा ठिपके उभे होते. मग नत्थूजींच्या फुगलेल्या खिशाकडे. चहावर साय धरली.

पुढील हकीकत आधी नमूद करणे रास्त, हुकूम अखेरीस लिहिला जाईल. तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी एकतीस ठिपके उमटले. त्याच समयी रसायनशास्त्राचे यंत्र शेजारी सोळावर सुखाने चालू राहिले, हेमराजांनी तीन वेळा जाऊन खात्री केली. नत्थूजींनी पंच्याहत्तर चिठ्ठ्या तारीखवार लावून एका बोटाने भरल्या, मदत घेतली नाही. पहिले पान चार वाजून बावन्न मिनिटांनी बाहेर आले. त्यांनी दोन्ही बाजूंच्या भोकांच्या पट्ट्या न फाटता सोडविल्या आणि पानावर आपले नाव एकोणपन्नास वेळा आहे, हे मोजून घेतले. पाने एकूण एकशे सत्तावीस. ती छापावयास दोन दिवस लागले, आणि निवृत्त नत्थूजी दोन्ही दिवस वेळेवर कामावर आले. निरीक्षकसाहेबांनी सव्विसाव्या विहिरीचे लग्नाचे सालचे पाणी वाचले आणि पंचनाम्याखाली लिहिले, साठा पूर्ण मिळाला, तक्रार नाही. येणेप्रमाणे समुद्रपूरची मोहीम फत्ते जाहली. उभयपक्षी जखमी कोणी नाही, एक ब्युरेट फुटला.

आणि हे सारे ज्या हुकुमाने घडले, तो ऐसा. केशवराव उठले, थंड चहा एका घोटात संपविला, आणि बावीस वर्षांत प्रथमच, भर दरबारात, आपल्या गावच्या बोलीत म्हणाले:

"शरयूबाई, लावा तुमच्या अकरा ओळी. आकडा पुसत जा ज्याले त्याले. अन् कोनी नाई सांगतला, तं सोळा."