पाणवठ्याचं पान

एका जंगलात एक नियम होता. जंगलाच्या वेबसाइटवर ‘नाही’ हा शब्द दिसता कामा नये. का, ते विचारायचं नाही.

होय बाळांनो, जंगलाला वेबसाइट होती. शेजारच्या जंगलाला होती म्हणून.

ती सांभाळायची लवंगी नावाची खार. ती कॉलेजात शिकून आली होती. म्हणजे, मोठ्यांच्या मते, बिघडून आली होती.

एखादं पान काढून टाकलं आणि कुणी त्याची जुनी लिंक दाबली, तर पान नाही असं सांगायला बंदी. त्याला गुपचूप पहिल्या पानावर नेऊन सोडायचं. तिथे सिंहमहाराजांचा हसरा फोटो आणि खाली ‘आपले सहर्ष स्वागत आहे!’

त्या उन्हाळ्यात पाणवठा आटला. जंगलाचा कारभार बघणाऱ्या मंडळाने तातडीने उपाय केला. पाणवठ्याचं पान काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाणाई हरिणी धापा टाकत आली. मागे तिचं पाडस, जीभ बाहेर.

“लवंगे, पाणवठ्याची लिंक दाबली तर महाराज ‘स्वागत आहे’ म्हणाले गं! म्हटलं, पाणी आलं वाटतं. पोराला घेऊन अख्खी टेकडी उतरले. तिथे नुसत्या भेगा!”

लवंगीने त्यांना नदीच्या वळणावर धाडलं आणि स्वतः तडक मंडळाच्या बैठकीत घुसली.

“पान गेलं असेल तर गेलं म्हणून सांगा. आणि पाणी कुठे आहे तेही सांगा.”

“पोरी,” अध्यक्ष गेंडेआबा म्हणाले, “आमचे केस काय उन्हात पांढरे झालेत?”

“आबा, तुम्हाला केसच नाहीत.”

अस्वलकाकांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात लपवलं. “आबा, लहान आहे. एक खास पान करून देऊ. ‘हे पान सध्या विश्रांती घेत आहे.’ भोवती वेलबुट्टी.”

“आणि वर महाराजांचा उदास फोटो,” आबा खूश झाले.

“आणि नदीचा रस्ता?”

“त्याला जागा उरत नाही गं.”

“मग हे पान मी लावणार नाही,” लवंगी म्हणाली. “मी लिहिणार, पाणवठा आटला, पाणी नदीच्या वळणावर आहे, आणि खाली तिकडचा नकाशा. तुमची वेलबुट्टी तुम्हीच चाटा, तहान भागली तर!”

“महाराजांना कळलं तर?” आबा गरजले. “आहेत कुठे महाराज?”

अस्वलकाका चाचरले. “सकाळी पाणी कुठे मिळेल विचारत होते. मीच पाणवठ्याची लिंक पाठवली. ‘स्वागत आहे’ बघून फार खूश झाले. लगेच टेकडी उतरायला लागले.”



तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांचं नेहमी ऐकावं. फक्त घरून निघताना पाण्याची बाटली घ्यावी.