सगुणाबाईंचे खरखरीत साचे

एका जंगलात, बालमित्रांनो, स्वच्छतेची साथ आली होती. साथ म्हणजे आजारच. पानगळ झाली की झाडांना नोटिसा जायच्या, आणि झाडं उत्तर देत नाहीत म्हणून दुसरी नोटीस जायची.

स्वच्छता खात्याचा प्रमुख होता तरस. त्याचा सगळा जन्म दुसऱ्यांचं उष्टं-खरकटं खाण्यात गेला होता. घाणीचा एवढा दांडगा अनुभव दुसऱ्या कुणाला नाही, असं दरबाराचं मत पडलं.

त्याच जंगलात वडाच्या बुंध्यातल्या ढोलीत सगुणाबाई चिचुंद्री राहायच्या. चिचुंद्रीला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. नसेल तर तुमच्या गुरुजींनाही फारसं दिसत नसेल. सगुणाबाईंना सगळं जग कळायचं ते नाकाने आणि मिशांनी. कोणती साल खरबरीत, कोणती वाळू बारीक, हे त्या झोपेतही सांगायच्या.

म्हणून त्या साचे बनवायच्या. फार मोठे नव्हेत, वडाच्या पानाएवढे. सहलीला येणारी माणसं मिठाईची खोकी टाकून जायची. त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सगुणाबाई बाभळीच्या डिंकाने गोणपाटाची चिंधी, शेंगांची टरफलं, अंड्याच्या कवचाचा चुरा आणि नदीची वाळू चिकटवायच्या. वाळलं की वरून लाखेचा हात द्यायच्या, म्हणजे डिंक सुटत नाही. मग काजळी आणि जवसाचं तेल खलून केलेली शाई चोळायची आणि चिंधीने पुसून टाकायची. वरची शाई पुसली जायची, खाचाखोचांतली राहायची. त्यावर ओला कागद, कागदावर घोंगड्याचा तुकडा, आणि घोंगड्यावर हैबतराव.

हैबतराव हे हत्ती होते. राजाच्या मिरवणुकीतून निवृत्त झालेले, गुडघेदुखीने हैराण आणि स्वभावाने गरीब.

"हळूच हं, हैबतराव," सगुणाबाई म्हणायच्या.

"हळूच ठेवतोय, बाई. एवढ्या पायाचं हळूच जेवढं होतं तेवढं."

पाय उचलला की सगुणाबाई कागद सोलून काढायच्या. कागदावर नदीचा कोरडा काठ उमटलेला असायचा, नाहीतर जुन्या सालीच्या भेगा. त्यावरून मिशा फिरवल्या की उंचवटे लागायचे, आणि सगुणाबाईंना मनापासून आनंद व्हायचा. चित्रं त्या वाटून टाकायच्या. सशांच्या बिळांतून ती टांगलेली असायची. कुणालाच त्यात काही कला वगैरे दिसली नव्हती, त्यामुळे सगळं छान चाललं होतं.

एके सकाळी तरस आला.

"हा कचरा कुणाचा?"

"कचरा नाही, साहेब. साच्यांचं सामान आहे."

"टरफलं म्हणजे टरफलं. आठ दिवसांत ढोली रिकामी करा. नाहीतर कलाकार असल्याचा दाखला आणा."

"कलाकाराच्या घरी टरफलं चालतात?"

"कलाकाराच्या घरी टरफलं नसतात. साहित्य असतं," तरस म्हणाला आणि जाता जाता अंड्याचं एक कवच चाटून गेला.

सगुणाबाई त्याच ढोलीत जन्मल्या होत्या. तिथली प्रत्येक भेग त्यांना मिशांनी पाठ होती. दुसरीकडे, या वयात, त्या नुसत्या आंधळ्या झाल्या असत्या.

दाखला देणारी कला परीक्षण समिती तीन जणांची होती. मोर अध्यक्ष होता, कारण तो स्वतः देखणा होता. पोपट सदस्य होता, कारण अध्यक्षांचं म्हणणं त्याला लगेच पटायचं. तिसरा सदस्य कासव. तो गेल्या वर्षीच्या बैठकीला निघाला होता आणि वाटेत होता.

सगुणाबाईंनी एका बाजूला साचे मांडले, दुसऱ्या बाजूला कागदावरची चित्रं. मोर तडक साच्यांकडे गेला.

"वा! काय पोत आहे!"

"काय पोत आहे!" पोपट म्हणाला.

"साहेब, ते नुसते साचे," सगुणाबाई म्हणाल्या. "चित्रं इकडे आहेत. कागदावर."

"कागदावर? कागद सपाट असतो, बाई."

"हात फिरवून बघा ना. सपाट नाहीये."

"समिती हात लावत नाही. समिती बघते." एवढं बोलून मोराने शाईत पडलेला आपला पाय शेजारच्या एका चित्राला पुसला. ते नदीकाठाचं चित्र होतं, सगळ्यांत नीट उमटलेलं. सगुणाबाईंना रडू फुटायचं तेवढं राहिलं.

हैबतरावांना राहवलं नाही. "अहो, हे म्हणजे पोळ्या टाकून देऊन पोळपाट ताटात वाढण्यासारखं झालं!"

"हे कोण?" मोराने विचारलं.

"हे माझे... कागद दाबायला असतात," सगुणाबाई म्हणाल्या.

"अवजारांची मतं समिती नोंदवत नाही. तर बाई, साचे हीच कला आहे ना? तसं असेल तर दाखला देतो."

सगुणाबाईंनी चित्रांकडे तोंड वळवलं. मग त्यांना ढोली आठवली.

"हो, साहेब," त्या म्हणाल्या. "साचे हीच कला."

"हीच कला!" पोपट म्हणाला.

पौर्णिमेच्या दुपारी दरबारात सत्कार झाला. शालीखाली सगुणाबाई दिसेनाशा झाल्या, आणि नारळ त्यांच्यावर घरंगळू नये म्हणून हैबतरावांनी सोंडेने धरून ठेवला. मोर जंगलाच्या मातीतल्या कलेवर तासभर बोलला. चित्रांचे कागद पाहुण्यांना फुटाणे बांधून द्यायला उपयोगी पडले.

दाखला घेऊन सगुणाबाई घरी आल्या. ढोलीपुढे बांबूचं कुंपण होतं. कुंपणाला कुलूप होतं. कुलपाशेजारी मुंगूस उभं होतं.

"आत जाता येणार नाही, बाई. ही जतन केलेली वास्तू आहे. सुप्रसिद्ध सगुणाबाईंची कार्यशाळा."

"अरे, मीच सगुणा."

"मग तर मुळीच नाही. तुमच्या वावराने मूळ अवस्था बिघडते, असा तरससाहेबांचा आदेश आहे. वारसा खातंही आता त्यांच्याचकडे दिलंय."

"मी टेकू का जरा पाय?" हैबतरावांनी कुंपणाकडे बघत विचारलं.

"नको," सगुणाबाई म्हणाल्या. "ढोलीही जाईल."

कुंपणाच्या आत, अगदी कडेला, सकाळी वाळत घातलेला एक साचा होता. सगुणाबाईंनी बांबूंच्या फटीतून नाक घातलं आणि मिशा लांबवल्या. मुंगसाने त्यांना अलगद मागे ओढलं.

"स्पर्श करायचा नाही, बाई. लांबून बघा."

"मला लांबून दिसत नाही रे."

"मग बाजूला व्हा," मुंगूस म्हणालं. "मागे रांग लागलीय."

तात्पर्य : तुमच्या कामाला कुणी कचरा म्हणालं, तर त्याचे आभार माना आणि दाखला आणायला जाऊ नका. कचरा असलात तर ढोली सोडायला निदान आठ दिवसांची मुदत मिळते.