चौदा खुणा आणि एक फुगलेला ओठ

पेशाने मी आई, पिंडाने गुप्तहेर. पदवी रसायनशास्त्राची, नजर घारीची, वही शंभर पानी. माझ्या नकळत या घरात फक्त धूळ बसते.

म्हणून गुरुवारी सकाळी नवरा अंगभर लालबुंद गांध्या घेऊन उठला, तेव्हा मी घाबरले नाही. वही उघडली. (खरं तर घाबरले. आमची पाच वर्षांची भिंगरी त्याच्याच पांघरुणात लोळत होती. त्याला जे बाधलं, ते उद्या तिला बाधलं तर?)

"काल काय खाल्लंस?"

"तू वाढलंस ते."

उत्तर उद्धट. संशयित सावध.

पहिला संशय साबणावर. साबण बदलला, गांध्या वाढल्या. दुसरा ढेकणांवर. गादी इतकी बडवली, की खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येऊन बघून गेल्या. आतून एक पेन्सिल निघाली. तिसरा संशय सासूबाईंनी विणलेल्या स्वेटरवर. फोनवर त्यांनी शांतपणे विचारलं, "त्याने तो घातलाय तरी कधी?"

स्वेटर पिशवीतच होता. मी तो निर्दोष सोडला.

भिंगरीला मात्र डाग नाही! तिची तब्येत तर माझी अभिमानाची केस. खोकल्यावर मी तिच्यासाठी बेरीचं सिरप आणलं होतं. झाडपाल्याचं, म्हणजे निर्धोक. माझ्यासमोर ती तोंड उघडेना, म्हणून पाजायचं काम बाबांचं. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा मी रिकामा चमचा उजेडात धरून तपासायचे आणि वहीतल्या तक्त्यावर खूण करायचे. पाचव्या दिवशी खोकला गायब. खालच्या वहिनींनाही मीच ती बाटली आणायला लावली.

रविवारी संध्याकाळी चौदावी खूण केली, मागे वळले, तर नवऱ्याचा वरचा ओठ फुग्यासारखा फुगलेला. वही तिथेच टाकून आम्ही तिघं दवाखान्यात पळालो.

डॉक्टरबाईंनी आधी त्याचा श्वास तपासला, इंजेक्शन दिलं, मग विचारलं, "नवीन काही पोटात गेलंय?"

"काहीही नाही," मी ठामपणे म्हणाले.

नवरा छताकडे बघत होता. मीही बघितलं. छतावर पुरावा नव्हता.

"बाबा, सांगू?" भिंगरीने विचारलं.

"नको गं."

"माझं सिरप बाबा पितात."

"तिला आवडत नव्हतं," नवरा ओठ सांभाळत पुटपुटला, "आणि तू चमचा तपासायचीस."

"पण ते तर झाडपाल्याचं आहे!" मी म्हणाले.

"अहो, झाडपाल्याचीही अ‍ॅलर्जी होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ओठ सुजला, उद्या घसा सुजला असता. ते सिरप पुन्हा तोंडाला लावायचं नाही."

"पण हिचा खोकला तर त्यानेच गेला!"

"हिने थेंबही घेतला नाहीये ना? मग आपला आपणच गेला."

म्हणजे औषध एकाने प्यायलं आणि गुण दुसरीला आला. रसायनशास्त्रात हे आम्हाला शिकवलं नव्हतं.

घरी येऊन मी बाटली मोरीत ओतली आणि वहिनींना सावध करायला खाली धावले. दार उघडताच वहिनीच खुशीत ओरडल्या, "अगं, काय गुणी सिरप सांगितलंस! पोराचा खोकला पार पळाला!"

मी डोळे बारीक केले.

"वहिनी, सिरप कोण पाजतं?"

"हे पाजतात की!"

त्यांच्यामागे 'हे' उभे होते. दोन्ही हातांनी मान खाजवत.