मावशींचा हात थांबला पाहिजे

आमच्या पालघरच्या कॉलेजात एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या मुलांची मुलाखत कॅन्टीनच्या मावशी घेतात. खरी नव्हे, नोकरीच्या मुलाखतीआधीच्या सरावाची. ही सगळी चुरी सरांची करणी. मुलाने आपलं संशोधन मावशींना समजावून सांगायचं. मावशी कांदा चिरत ऐकतात. चिरता चिरता त्यांचा हात थांबला, तर मुलगा पास. नाही थांबला, तर शेजारच्या स्टुलावर बसलेले चुरी सर एवढंच म्हणतात, "नाय जमलं. उद्या परत."

चुरी सर मूळचे इथल्याच मुरबे गावचे. हल्ली उमरोळीला एकटेच राहतात. वर्गातही "आमी", "तुमी", "हाय", "नाय" असंच बोलतात आणि त्याची त्यांना काडीची लाज नाही. मुलाने कितीही भारी उत्तर दिलं तरी त्यांचा प्रश्न ठरलेला, "बरं, पुढं?" एकदा प्राचार्यांच्या स्वागतपर भाषणात पहिल्या रांगेतून "पुढं?" ऐकू आलं होतं.

आता खरं सांगून टाकते, मी या माणसावर जळते. मीही त्याच विभागात शिकवते. नवरा तारापूरच्या वीज प्रकल्पात लागला म्हणून साताऱ्याहून इकडे आले. पीएच.डी. माझी त्यांच्या आधीची. मुलाखतीसाठी मी दोनशे प्रश्नोत्तरांची फाइल केलीय, स्पायरल बाइंडिंगसकट. मुलं तिची झेरॉक्स काढतात, "थँक्यू मॅडम" म्हणतात आणि जाऊन बसतात कुठे? कांद्यापाशी!

रंजना माझी विद्यार्थिनी. माझी म्हणजे माझीच, प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून माझं नाव आहे. विक्रमगडकडच्या डोंगरातली पोर. घरचे पावसाळ्यात नाचणी-भात लावतात आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही तर रंजनाही भट्टीवर जाणार, असं बापाने सांगून टाकलं होतं. नाचणीवरच्या करपा रोगावर काम केलेली मुलगी विटा थापणार!

पहिल्या मुलाखतीला मी तिच्याकडून फाइल पाठ करून घेतली. तिथे एकाने सरळ विचारलं, "तुम्ही नेमकं काय काम केलंत?" रंजनाने करप्याची व्याख्या म्हणून दाखवली, शेवटच्या संदर्भग्रंथासकट. व्हायचं तेच झालं.

मग एक दिवस ती मान खाली घालून आली. "मॅडम, मी चुरी सरांकडं जाऊ?"

"जा की! माझी कुठे ना आहे?" मी म्हटलं. त्या दुपारी मला डबा गेला नाही.

मीही हार मानली नाही. दुसऱ्या एका मुलाला घरी बोलावलं आणि मुलाखत घ्यायला नवऱ्याला बसवलं. नवऱ्याने दीड तास टर्बाइन समजावून सांगितली. मुलगा चहा पिऊन गेला तो परत फिरकला नाही.

शेवटी मी कॅन्टीनमध्ये चहा घ्यायच्या निमित्ताने उभी राहू लागले. मी चहा पीत नाही. पंधरा दिवस रंजना रोज नापास होत होती. खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून स्वतःची चीडही येत होती. सोळाव्या दिवशी ती व्याख्या सोडून म्हणाली, "मावशी, आमच्या शेतात बांधाच्या वरची नाचणी करप्याने काळी पडली, पण त्याच बांधाखालची वाचली. का वाचली, ते मी शोधलं."

मावशींचा हात थांबला. "का गं वाचली?"

चुरी सर "पुढं?" म्हणायचं विसरले.

नोकरी लागली, हैदराबादला. पेढे आधी मावशींना, मग चुरी सरांना, मग मला. माझा नंबर तिसरा. पेढा गोड होता एवढंच सांगते.

ती गेल्यावर आठवडाभराने दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. सर रोपांच्या पिशव्या भरत होते. माझा फोन वाजला, पण रंजनाचं नाव बघून मी तो कापला. म्हटलं, यांच्यासमोर कशाला?

"रंजना?" सरांनी विचारलं. "मॅडम, एक विचारू? नोकरी लागली की पोरं तुमालाच फोन करतात. काय बोलतात हो?"

"काही नाही हो सर. जेवण आवडत नाही, रूमवरची मुलगी बोलत नाही, घरची आठवण येते... असलंच सगळं."

ते पिशवीतली माती उगाच दाबत राहिले. "आमाला कोण सांगत नाय असलं," म्हणाले. "आमाला फकस्त पेढा मिळतो."

या माणसावर मी इतकी वर्षं जळत होते! आणि हा माझ्यावर!

मी पॅसेजमध्ये जाऊन रंजनाला फोन लावला. "माझं चार्जिंग संपतंय गं. चुरी सरांच्या फोनवर कर. हो, आत्ताच." फोन ऐंशी टक्के चार्ज होता.

आत आले तर सरांचा फोन वाजत होता. त्यांनी मातीचे हात पँटला पुसले, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.  हळूच म्हणाले, "जेवलीस का गं?"

पलीकडून रंजना जी सुरू झाली ती थांबेचना. सर नुसतं "हां... हां..." करत खिडकीकडे तोंड करून उभे. मी पेपर तपासायला घेतले. चाळीस मिनिटं झाली.

माझ्याशी ती कधी दहाच्या वर बोललेली नाही.